मंगळवारी वाघाला सुट्टी
(विदर्भातल्या जंगलांची दैनंदिनी : भाग तिसरा)

रविवार, मोहर्ली

चंद्रपूर सोडलं तेव्हा चार वाजून गेले होते, तरी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. बाबा अजून या शहराला चांदाच म्हणतात. पोस्टात असताना त्यांनी इथे अडीच वर्षं काढली, पण ताडोबा पाहिला नाही. "तेव्हा मुद्दाम जंगल बघायला कोण जायचं?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. आता शहात्तराव्या वर्षी, कानात यंत्र आणि डोक्यावर माझी फुलाफुलांची टोपी घालून ते निघाले आहेत.

शहराबाहेर पडलं की आधी औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात. 2920 मेगावॉटचं केंद्र. त्याला पाणी पुरवणारं इरई धरण आणि ताडोबाचं जंगल एकमेकांना अगदी खेटून. कोळशाच्या ट्रकमागून ट्रक जात राहतात आणि मग एका वळणानंतर दोन्ही बाजूंना साग सुरू होतो. एप्रिलातला साग म्हणजे नुसत्या काठ्या. मधेच एखादं कांडोळाचं झाड, पांढरंफटक, चुना फासून उभं केल्यासारखं.

मुक्कामी पाटवडी-रस्सा उत्तम होता. जेवताना शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला, "झालं का तुमचं?" मला वाटलं, जेवण. त्यांना वाघ विचारायचा होता.

सोमवार

पहाटे साडेपाच. फाटकावर ओळखपत्रं पाहिली, मोबाइल बाहेरच ठेवायला लावले. बाबा खूश. मी तासभर उगाच खिसा चाचपत राहिले.

गाइड ताई मोहर्लीच्याच. खाकी शर्ट, केसांना घट्ट अंबाडा, बोलणं मोजकं. बाबांनी "जंगल केवढं?" विचारताच त्यांनी परीक्षेतल्यासारखं सांगून टाकलं : राष्ट्रीय उद्यान 1955 सालचं, 116 चौरस किलोमीटरचं, राज्यातलं सगळ्यात जुनं, अंधारी अभयारण्य 1986चं, दोन्ही मिळून 1995 साली व्याघ्र प्रकल्प, गाभा सुमारे 625 आणि बफर धरून 1727. पोस्टातल्या माणसाला आकडे दिले की त्याचं समाधान होतं.

रस्त्याच्या कडेने काही अंतराने जुने दगडी खांब आहेत. गोंड राजांच्या काळात त्यांतून दोर ओवून घंटा बांधत आणि राजाची स्वारी निघाली की वर्दी पोचवत, असं सांगतात. म्हणजे आवाजाने बातमी कळवण्याची इथली रीत जुनी आहे. आजही तेच चालतं. ताईंनी हात वर केला, ड्रायव्हरने जिप्सी बंद केली. लांबून वानराची खकरणी, पाठोपाठ सांबराचा भसाडा "ढाँक". ताई पुटपुटल्या, "सांबराचा कॉल आहे, खोटा नसते." वानर कशालाही घाबरतं, चितळही. सांबर मात्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ओरडत नाही, असा इथल्या लोकांचा अनुभव.

बाबांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. गाडीची घरघर नको म्हणून त्यांनी यंत्र काढून ठेवलं होतं. बहुधा म्हणूनच ते नुसते बघत होते. "तो कान आहे का?" ते म्हणाले, आणि बहिरी माणसं म्हणतात तितक्या मोठ्याने म्हणाले. बांबूच्या बेटात खरंच एक कान होता. मग दुसरा. मग सगळी वाघीण.

दोन मिनिटांत मागे-पुढे पंधरा जिप्सी. रिव्हर्स गिअरचा किंचाळा, "पुढे घ्या ना दादा", कुणाचं तरी लहान मूल रडतंय. वाघिणीने रस्ता ओलांडला, एका खोडावर शेपटी उचलून फवारा मारला आणि निघून गेली. तिने आमच्याकडे पाहिलंही नाही. या गर्दीला नावं ठेवायचं मी घरून ठरवूनच आले होते. पण त्या वेळी मी सीटवर उभी होते, पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून. त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही.

तिथून तलावावर. काठाच्या चिखलात मगर पडली होती. ओंडका म्हणून मी सोडून दिलं होतं, ताईंनी दाखवली. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली देवस्थान आहे. तारू नावाचा गावचा गोंड प्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, लोकांनी त्याला देव केलं, आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरून आलं, अशी कथा. पौषात आदिवासी इथे दर्शनाला येतात. आपण ज्या नावाने वाघाचं तिकीट काढतो, ते नाव वाघाने मारलेल्या माणसाचं आहे, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

मंगळवार

मंगळवारी गाभा क्षेत्र बंद. मुक्कामाचं ठिकाण रिकामं. ज्यांना काल वाघ दिसला ते घरी गेले, ज्यांना नाही ते दुसऱ्या जंगलात. ताई म्हणाल्या होत्या, "सासू धुऱ्यावरचा मोह वेचते, या पाहाले." गेलो.

उजाडल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. आधी सासूबाई हातातला पत्र्याचा डबा काठीने वाजवत पुढे, मागून ताई, त्यांची मुलगी, मग आम्ही. मोहाचं झाड शेताच्या बांधावर. पालवी नुकती फुटलेली, तांबूस. फुलं पहाटे गळतात, झेलली तर तळहातात ओल्या मण्यासारखी लागतात. वास गोड, जरा आंबूस, आणि दाट. हा वास माणसांच्या आधी चितळांना आणि अस्वलांना कळतो. पूर्वी झाडाखालचा पाला पेटवून देत, काळ्या जमिनीवर फुलं चटकन दिसावीत म्हणून. त्या आगी जंगलात शिरत. इथे झाडाखाली जुनी लुगडी अंथरली होती.

मीही बसले वेचायला. पाच मिनिटांत लक्षात आलं की या कामात मान वर करता येत नाही. तुम्ही वाकलेल्या, पाठ उघडी, नजर जमिनीवर. असं वाकलेलं माणूस मागून जनावरासारखं दिसतं, असं वनखात्याची माणसं सांगतात. तेंदूपत्त्याचंही तसंच. 2025च्या मे महिन्यात याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

बाबांनी सासूबाईंना कौतुकाने सांगितलं, "काल आम्हाला वाघीण दिसली."

त्यांनी हात न थांबवता विचारलं, "तुमाले पाह्यचाच होता न?"

"हो."

"आमी डबा वाजवत येतो, दिसू नये मनून."

बाबांनी यंत्र कानात नीट बसवलं. मला वाटतं त्यांना ऐकू आलं होतं.

नंतर ओट्यावर काळा चहा पिताना मी ताईंना विचारलं, तुम्हाला वाघाचा राग येत नाही का. शहरी प्रश्न. त्या हसल्या. "वाघ नसता त मी अजून रोवणीलेच गेली असती, मॅडम. चिखलात. पोरगी शिकते ते वाघाच्याच पैशावर." आणि मग, कप विसळताना, "पन पोरीले मोहाले एकटी नाई धाडत."

बुधवार

दुपारची फेरी, 43 अंश. गरम वारा तोंडावर इस्त्रीसारखा फिरत होता. वाघ नाही. पाणवठ्यावर सौर पंपाने पाणी सोडलेलं. तिथे आमच्यासह सहा गाड्या होत्या, वीस मिनिटांत एकटे उरलो. मग रानकुत्री आली. सात. तांबडी, झुपकेदार काळ्या शेपटीची, भुंकता न येणारी. बसलेल्या सांबराने उठून पाण्यात जाऊन पोटापर्यंत उभं राहणं पसंत केलं. कुत्री काठावर शिट्टीसारखा आवाज काढत फिरली, दोघं पाण्यात उतरून परत आली. सांबर हललं नाही. अर्धा तास तसाच गेला आणि मग ती एकामागून एक बांबूत निघून गेली. बाबा तेवढ्यात झोपले होते. उठल्यावर त्यांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, सांबर पोस्टमास्तर असणार.

साडेसहाला फाटकाबाहेर. मोबाइल मिळाले. धाकटीचे चार मेसेज : दिसला का?

उद्या पहाटे नवेगावबांधला निघायचं. ताईंचा निरोप घेतला. त्यांनी सासूबाईंनी दिलेली मूठभर सुकी मोहफुलं कागदाच्या पुडीत हातावर ठेवली. त्यांचं घर गावाच्या पलीकडच्या टोकाला, मधे बांबूचा एक पट्टा. अंधार उतरत होता. चार दिवसांत ज्या बाईचा चढा आवाज एकदाही ऐकला नव्हता, त्यांनी मोबाइलवर गाणं लावलं, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला, आणि पायवाटेने चालू लागल्या. बांबूच्या आड गेल्यावरही गाणं बराच वेळ ऐकू येत होतं. बाबांनासुद्धा.

(क्रमशः)