हवेची ठेव

झाड कशाचे बनते, असे विचारले तर दहांतले नऊ जण ‘मातीचे’ असे सांगून मोकळे होतील. हेल्मॉन्ट नावाच्या एका चिकित्सक गृहस्थाने २०० पौंड सुक्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला नुसते पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले. माती घटली ती केवळ दोनेक औंस! १६४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ही हकीकत आहे. बिचाऱ्याने सगळे श्रेय पाण्याला देऊन टाकले. हवेकडे त्याचे लक्षच गेले नाही.

खरे म्हणजे झाड ही हवेची ठेव आहे. सुक्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो, आणि तो पानांनी हवेतून वेचलेला असतो. शंभर किलो लाकूड जाळा, सुमारे १८० किलो कार्बन डाय-ऑक्साइड वर जातो. ठेव मोडायला एक दुपार पुरते. भरायला मात्र माणसाचे आयुष्य लागते.

या हिशेबात मी शिरलो तो आमच्या कोकणातल्या डोंगरामुळे. सातबारावर आम्हां पाच भावांची नावे आहेत. थोरले चुलतभाऊ अण्णा गावी राहतात. वरचे ऐन-किंजळीचे रान काढून काजू लावावा, असे त्यांच्या मनात आहे, सह्या हव्यात. मी कार्बनचे पुराण लावले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “अरे, काजू म्हणजे झाडच ना?”

प्रश्न बिनतोड होता. सरकारी वनअहवालसुद्धा अण्णांच्याच बाजूचा! एक हेक्टर जागेवर दहा टक्के छाया असली की बागही वनाच्छादनात मोजली जाते. आकाशातून दोन्ही हिरवीच. पण रानात मोठ्या खोडांखाली झुडपे, वेली, पालापाचोळा आणि खोल मुळे असतात. पूर्वी कोळशासाठी रान तोडीत, तरी बुंधे राहत आणि त्यांना फुटवे येत. आता जेसीबी मुळासकट उपटतो. मग काजू सात-आठ मीटरांवर एकेक. खालचे सगळे दरसाल साफ करायचे. ठेव राहते, पण पुष्कळ लहान.

तरी पुण्यात पेरूची बाग तोडून बांधलेल्या इमारतीत राहून मी त्यांना उपदेश कोणत्या तोंडाने करावा? नातीच्या शिक्षणाचा खर्च ऐन देत नाही, काजू देतो.

शेवटी मी म्हटले, “अण्णा, खालच्या वरकस जमिनीवर नाचणी बंद झाल्यापासून नुसते गवत आहे. काजू तिथे लावा. तिथे ठेव घटणार नाही, वाढेलच. पहिली काही वर्षे उत्पन्न नसेल, तेव्हा कलमांचा आणि कुंपणाचा खर्च आम्ही चौघे उचलू. वरच्या रानातून पऱ्याही वाहतो, तो वाहू दे.”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं. खालून सुरुवात करतो. वरचं पुढच्या दिवाळीला बघू.”

म्हणजे एका वर्षाची मुदत मिळाली. आम्ही खर्चाचे आकडे मांडीत बसू, तोवर ते रान आणखी थोडी हवा गाठीला बांधील.