फ्लोरिनचा बंध येतो कुठून?

अकरावीच्या मुलाला विचारा, इलेक्ट्रॉनांसाठी सर्वांत हावरट अणू कोणता? तो झटकन ‘फ्लोरिन’ म्हणेल. मग पुढचं विचारा. क्लोरिनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे सुमारे 243 किलोज्यूल लागतात. फ्लोरिनचा मात्र 159 मध्येच तुटतो, असं का? बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या एकमेकींना ढकलतात, हे पुस्तकी उत्तर खोटं नाही. पण त्या ढकलाढकलीचा नीट हिशेब मांडला की प्रश्नच बदलतो: मुळात हा रेणू टिकतो कसा? मी करतो तो हाच हिशेब. त्याला संयुजा-बंध सिद्धांत म्हणतात. आम्ही आपसात नुसतं ‘व्हीबी’ म्हणतो.

लुईस यांनी 1916 मध्ये सांगितलं होतं की बंध म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. त्यामागे गणित नव्हतं. ते 1927 साली झुरिकमध्ये हाइटलर आणि लंडन यांनी दिलं, हायड्रोजनच्या रेणूसाठी. पहिला इलेक्ट्रॉन इकडे, दुसरा तिकडे. किंवा बरोबर उलट. कुठला कोणता हे ओळखता येत नाही, म्हणून दोन्ही शक्यता एकत्र धरायच्या. एवढ्यानेच बंधऊर्जेचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग हाती लागला.

मुलिकन आणि हुंड यांची वाट वेगळी होती. त्यांच्या लेखी इलेक्ट्रॉन अख्ख्या रेणूचा. दोन खोल्यांच्या घरात न पटणारे दोन भाऊ राहतात असं समजा. मुलिकन-पद्धतीच्या अगदी साध्या रूपात दोघे एकमेकांकडे न बघता हिंडतात, त्यामुळे निम्मा वेळ एकाच खोलीत सापडतात. व्हीबीच्या साध्या रूपात दोघे कायम वेगवेगळ्या खोल्यांत. अदलाबदल तेवढी होते. खरी गोष्ट या दोहोंच्या मधली, आणि दोन्ही सिद्धांत पुरेसे सुधारले की एकाच उत्तराला पोचतात.

मग व्हीबी मागे का पडला? ऑक्सिजनची चुंबकीयता त्याला सांगता येत नाही, असं वर्गात अजून शिकवतात. ते चुकीचं आहे. पॉलिंग यांनी 1931 मध्येच त्याचं व्हीबी-चित्र दिलं होतं. खरी अडचण आकडेमोडीची होती. शेजारच्या अणूंची ऑर्बिटलं, म्हणजे इलेक्ट्रॉनांची वावरण्याची क्षेत्रं, एकमेकांवर चढतात, त्यामुळे इलेक्ट्रॉनांच्या प्रत्येक अदलाबदलीचा हिशेब ठेवावा लागतो. सहा इलेक्ट्रॉनांच्या 720 मांडण्या, दहांच्या 36 लाखांवर. हे टाळणाऱ्या गणिती युक्त्या आणि वेगवान संगणक यायला बराच काळ गेला.

ते आल्यावर 1986 मध्ये कूपर, गेराट आणि रायमोंडी यांनी बेंझिन घेतलं. त्याच्या सहा पाय-इलेक्ट्रॉनांची ऑर्बिटलं कशी असावीत, हे संगणकावरच सोडलं. निघालं काय, तर प्रत्येक ऑर्बिटल एकेका कार्बनभोवती, शेजाऱ्यांकडे जरासं सांडलेलं. एकाआड एक दुहेरी बंध दाखवणाऱ्या केकुलेच्या दोन चित्रांचा वाटा साधारण चार पंचमांश. एकोणिसाव्या शतकातल्या कागदावरच्या रेघांना हे प्रशस्तिपत्रच म्हणायचं!

आता फ्लोरिन. दोघांनी एकेक इलेक्ट्रॉन देऊन जोडी केली, एवढंच चित्र धरलं, तर बंधाच्या खऱ्या अंतरावर रेणूची ऊर्जा सुट्या अणूंपेक्षा जास्त निघते. म्हणजे बंधच नाही. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाकडेच, हे आयनिक चित्र एकटं घेतलं तर आणखी महाग. पण ही चित्रं एकमेकांत मिसळू दिली की ऊर्जा धाडकन खाली येते आणि रेणू तगतो. इस्राएलचे शाइक आणि फ्रान्सचे इबर्ती याला सहसंयुजी आणि आयनिक यांखेरीज तिसऱ्या जातीचा बंध मानतात आणि ‘चार्ज-शिफ्ट’ म्हणतात.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. 1949 मध्ये कूल्सन आणि फिशर यांनी दाखवलं होतं, की ऑर्बिटलांना शेजारच्या अणूवर थोडं सांडू दिलं की आयनिक चित्रं वेगळी मांडावीच लागत नाहीत; ती जोडीच्याच चित्रात मुरतात. तेव्हा आयनिक वाटा किती, हे थोडंफार हिशेबनिसाच्या पद्धतीवरही ठरतं. मला तिसरी जात मान्य आहे, कारण मिसळण्यातून मिळणारी ऊर्जा फ्लोरिनमध्ये अख्ख्या बंधऊर्जेहून मोठी निघते, हायड्रोजनमध्ये मात्र ती किरकोळ असते. पद्धत बदलली तरी या दोन रेणूंमधला हा फरक कुठेतरी दाखवावाच लागतो.