सात खणांचं घर (स्केल : एकास वीस)

शाळेच्या ग्रुपवर मेसेज येतो तो गुरुवारी रात्री साडेनऊला. गुरुवारीच का आणि साडेनऊलाच का, हे मला इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही उलगडलेलं नाही. ('इतकी वर्षं' म्हणजे दोन. कन्या दुसरीत आहे.) विषय होता घरांचे प्रकार. प्रत्येकाला एकेक घर वाटून दिलेलं, सोमवारी मॉडेल आणायचं, थर्माकोल चालणार नाही, आणि पालकांनी जास्त मदत करू नये. ह्या शेवटच्या वाक्याला बावीस जणांनी अंगठा दाखवला होता, आणि ते बावीसही जण शनिवारी पुठ्ठा कापत बसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नशीबवान पोरांना इग्लू मिळालं. कापूस चिकटवला की काम झालं. आमच्या वाट्याला मातीचं घर.

मातीचं घर म्हणून शोधलं की एकाच छापाची चित्रं येतात. गवताचं उतरतं छप्पर, बाजूला नारळ, समोर कोंबडी. मी तेच करून मोकळा झालो असतो. पण त्या शनिवारी बारामतीला जायचं होतं, म्हणून पुठ्ठे, फेव्हिकॉल, कटर सगळं डिकीत टाकलं आणि दिवे घाट, सासवड, जेजुरी, मोरगाव करत दुपारी घरी पोचलो. कन्येने गाडीतून उतरल्या उतरल्या चित्राचा प्रिंटआउट आजोबांपुढे धरला.

अण्णांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी, घरात लहानथोर सगळे त्यांना अण्णाच म्हणतात) चष्मा कपाळावर चढवून चित्र पाहिलं. "हे कोकणातलं असंल कुठलं तरी. आपल्याकडं असलं छप्पर असतंय व्हय? आपलं माळवद."

"माळवद म्हणजे?"

झालं. कोडिंग सुरू व्हायच्या आधीच रिक्वायरमेंट बदलली.

तर माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. इंदापूरकडे पाऊस कमी, त्यामुळे उतरत्या छपराची गरजच नाही. जाड मातीच्या भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर आडवी लाकडं, त्यावर निंबाचा नाहीतर तरवडाचा पाला, पाल्यावर माती आणि सगळ्यात वर गावठाणातली पांढरी माती थापलेली. उन्हाळ्यात आत गार, आणि रात्री झोपायला वर. दोन तुळयांमधल्या अंतराला खण म्हणायचं, आणि घर किती मोठं ते खणांत सांगायचं. चौरस फूट वगैरे भानगड नाही. आमचं घर सात खणांचं होतं. "होतं" म्हणजे अजूनही असेल कदाचित, पण उजनीच्या पाण्याखाली.

इथे थोडं उजनीबद्दल सांगायला हवं, कारण पुण्यात माझ्याबरोबर काम करणाऱ्या निम्म्या लोकांना उजनी म्हणजे सोलापूरला जाताना डावीकडे दिसणारं पाणी आणि भिगवणचे फ्लेमिंगो एवढंच माहीत असतं. धरण भीमेवर, सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात. १९८० साली पूर्ण झालं. पण त्याचं पाणी पसरलंय ते इकडे इंदापूर तालुक्यात, पार भिगवणच्या पुढपर्यंत. ह्या पाण्यासाठी नदीकाठची गावंच्या गावं उठली. त्यातलंच एक पळसदेव. आता पुणे-सोलापूर हायवेवर जे पळसदेव लागतं ते नवं. जुनं पाण्यात.

आकड्यांची आवड असणाऱ्यांसाठी : उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. पैकी जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. पेपरात जी टक्केवारी येते ती फक्त वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीची. म्हणून "उजनी शून्य टक्के" अशी बातमी येते तेव्हा धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि त्याच्या खाली गेलं की टक्केवारी चक्क उणे होते. (हे ज्याने ठरवलं तो नक्की आमच्या क्षेत्रातला असणार.) आणि आणखी एक गंमत. आमच्या वाकडच्या फ्लॅटचं सांडपाणी मुळेत जातं, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत. म्हणजे मी पुण्यात बादलीभर पाणी ओतलं की ते फिरून फिरून पणजोबांच्या घरावरूनच जाणार!

२०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली आणि जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं. लोक लांबून लांबून बघायला येत होते. आम्हीही गेलो. गाड्यांची ही रांग, सेल्फी, पोरांची पळापळ. आई आणि बायको देवळापर्यंत चालत गेल्या. अण्णा गाडीच्या सावलीत उभे राहिले. घर कुठे होतं विचारल्यावर त्यांनी हाताने एक मोघम अर्धवर्तुळ काढलं आणि म्हणाले, "ऊन लय झालं, चला." त्याच मे महिन्यात २१ तारखेला कुगाव आणि कळाशीच्या मधे होडी उलटून सहा माणसं गेली. तेव्हापासून घरात उजनीचा विषय निघाला की अण्णा उठून टीव्हीचा आवाज वाढवायचे.

म्हणून डिसेंबरातल्या त्या शनिवारी ते स्वतःहून "आपलं माळवद" म्हणाले आणि कॅलेंडरचं पान फाडून मागच्या बाजूला नकाशा काढायला बसले, तेव्हा मी गपचूप कटर खाली ठेवला.

नकाशात दिंडी दरवाजा, आत अंगण, डावीकडे गोठा, समोर सोपा, सोप्यातून माजघर, माजघराच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या अंगाला बळद. बळद म्हणजे धान्य साठवायची भिंतीआडची बंदिस्त खोली. कन्येला ती सगळ्यात आवडली, कारण लपाछपीला उत्तम. छताला एक भोकसुद्धा काढलं. त्याला सानं म्हणायचं. उजेड आत यायला आणि धूर बाहेर जायला.

"पण पाऊस आला तर?"

"घमेलं पालथं घालायचं."

हे उत्तर तिला इतकं पटलं की बाटलीचं टोपण शोधायला ती लगेच स्वयंपाकघरात पळाली.

अडचण आली मापांची. अण्णांना नकाशा पाठ, पण माप एकही नाही. अंगण केवढं? "मोठं. बैलगाडी वळायची." किती मोठं? "लय." घर सोडलं तेव्हा ते अकरा वर्षांचे होते, आणि अकरा वर्षांच्या पोराचं "लय" म्हणजे किती फूट ह्याचं कोष्टक कुठे मिळत नाही. त्यांच्या अंदाजाने काढलं तर अंगण साठ फुटी होत होतं आणि आमचा पुठ्ठा दोन फुटी.

शेवटी इंदापूरला आत्याला फोन लावला. आत्या अण्णांपेक्षा पाच वर्षांनी मोठी. स्पीकरवर तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कसलं साठ फूट! गाडी वळवताना चाक वृंदावनाला घासायचं. मी सारवलंय ते अंगण, हा मला सांगतोय?" मग तिने माप दिलं. अंगणाला चार पाट्या शेण लागायचं, सोप्याला दीड, माजघराला दोन. पोळ्याला सगळं एकदम काढायचं तर दिवस जायचा. मी एक्सेल उघडून बसलेला, आणि आत्या क्षेत्रफळ पाट्यांत सांगत होती! पण त्यातून प्रमाण तर मिळालंच. माजघर सोप्यापेक्षा एक तृतीयांशाने मोठं, अंगण माजघराच्या दुप्पट. आता फक्त एक पक्कं माप हवं होतं, म्हणजे बाकीची सगळी त्यावरून निघाली असती.

आणि ते आमच्या घरातच होतं. बारामतीच्या घरात हॉल आणि देवघराच्या मधे एक जुनी सागवानी चौकट आहे. बुटकी, वर मधोमध कोरलेला गणपती, खाली चांगला चार बोटं उंच उंबरा. दहावीनंतर मी तिच्यावर किती वेळा डोकं आपटलंय त्याची मोजदाद नाही. ती जुन्या गावाकडची आहे एवढं माहीत होतं. ती सोप्यातून माजघरात जायची चौकट होती हे त्या दिवशी कळलं. कन्येने टेप लावला. उंची पाच फूट दोन इंच, रुंदी तीन फूट. अण्णा म्हणाले, चौकटीच्या दोन्ही अंगाला वीत-दीड वीत भिंत, मग खांब. म्हणजे खण पाच फुटांचा. सात खण पस्तीस फूट. एकास वीस धरलं तर एकवीस इंच. बसतंय!

मग रात्री अकरापर्यंत कारखाना सुरू होता. कन्या खांबांना आइस्क्रीमच्या काड्या चिकटवत होती, बायको भिंतींना माती लिंपत होती (तिचं मत : ह्या घरात कष्टाची कामं कुणाकडे येतात ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे), आणि अण्णा बोलत होते.

शेवटच्या उन्हाळ्यात गावात प्रत्येक जण आपापलं माळवद उतरवत होता. माती जाणार होती, पण लाकूड कोण सोडणार? पणजोबा आणि आजोबांनी वरची माती फावड्याने ओढली, तुळया दोर लावून खाली घेतल्या. दोराचं एक टोक अण्णांच्या हातात होतं. चौकट सगळ्यात शेवटी काढली. "तोवर घरातच राहत होतो ना," ते म्हणाले. "वर आभाळ, पण दार होतं."

दुसऱ्या दिवशी आत्याचा परत फोन आला. तिला रात्री झोप लागली नव्हती म्हणे. ज्या सकाळी निघायचं त्या सकाळी आजीने तिला शेण आणायला पाठवलं होतं, आणि छप्पर नसलेलं सगळं घर सारवून घेतलं होतं. आत्या चिडली होती, पाण्यात जाणाऱ्या घराला कशाला सारवायचं म्हणून. आजी म्हणाली, पारोसं घर सोडून जायचं का?

अण्णांना हे माहीत नव्हतं. ते तेव्हा बैलगाडीत चौकटीवर बसले होते.

एक सांगतो, अण्णा धरणाच्या विरोधात कधीच बोलत नाहीत. पाण्याने काय केलं ते त्यांनी साखर कारखान्यात तीस वर्षं नोकरी करताना रोज पाहिलंय. ऊस आला, केळी आल्या, भिगवणला मासळीबाजार उभा राहिला. "ज्यांची वरची रानं राहिली त्यांचं सोनं झालं," एवढंच म्हणतात. आमचं रान वरचं नव्हतं.

मॉडेल सोमवारी शाळेत गेलं आणि शेऱ्यासकट परत आलं : "छान प्रयत्न! छताला पडलेले छिद्र बुजवावे." कन्येने वर्गात सान्यावर भाषण दिलं असं कळतं. टोपणाचा प्रयोगही करून दाखवला, पेल्यातलं पाणी ओतून. निकाल लिहीत नाही :-)

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. दीड वर्षापूर्वी अण्णांची ॲन्जिओप्लास्टी झाली. तेव्हापासून मी दर महिन्याला विचारतो, तुम्ही दोघं पुण्याला या. सहावा मजला आहे पण लिफ्ट आहे, हॉस्पिटल दहा मिनिटांवर, नात जवळ. अण्णा म्हणतात, "बघू." आई म्हणते, "ह्यांना विचार." मला रात्री-अपरात्री फोन वाजला की पोटात गोळा येतो, आणि बारामती शंभर किलोमीटर आहे. हे अंतर मॉडेल बनवून कमी होत नाही. आणि ह्या महिन्यात मी विचारलेलं नाही. पुढच्या महिन्यात विचारीन की नाही, माहीत नाही. बायको म्हणते, विचारायचं, पण उत्तराची घाई करायची नाही. तिचे आईवडील तिच्या भावाजवळ राहतात, त्यामुळे तिला हे सुचतं, असं मी मनात म्हणतो. तोंडाने नाही.

दरम्यान बारामतीच्या घराचं काम मात्र काढलंय. मागच्या शनिवारी न्हाणीत दोन आणि संडासात एक, असे स्टीलचे दांडे बसवले. ड्रिल मी मारलं, पाना धरायला कन्या. पॅसेजमधे माणूस आला की आपोआप लागणारा दिवा लावला. अण्णा आठवडाभर त्या दिव्याला फसवायचा प्रयत्न करतायत, हात आखडून भिंतीला चिकटून चालतात. दिवा लागतोच.

माझ्या यादीत "देवघराची चौकट काढून दार मोठं करणे" असंही होतं, कारण उद्या वॉकर लागला तर तो उंबऱ्यावर अडणार. मिस्त्रीला बोलावलंसुद्धा. त्याने दोन्ही बाजूंनी फरशी हळूहळू उंच करत आणायचा उपाय सांगितला, म्हणजे उंबरा जमिनीत जाईल आणि चौकट जागेवर राहील. फक्त मग चौकट आणखी चार बोटं बुटकी होणार. म्हणजे आता बायकोचंही डोकं आपटणार. तिने होकार दिलाय.

मॉडेल सध्या पुण्यात, कन्येच्या कपाटावर आहे. अण्णांनी निरोप पाठवलाय, मे महिन्यात येताना ते घेऊन या. पावसाळ्याआधी माळवदावर नवी पांढरी टाकावी लागते.