कुठून, कुठे, कधी

बसचं कागदी तिकीट मला अजून आवडतं. कंडक्टर टिकटिक करत यायचा, भोक पाडलेला इवलासा कागद हातात द्यायचा आणि पुढे सरकायचा. त्या कागदाला भाडं ठाऊक, टप्पा ठाऊक. मी कोण, कुणाकडे निघालोय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आता तिकीट फोनवर. रांग वाचते, सुट्ट्यांची भांडणं वाचतात, तक्रार नाहीच. फक्त प्रत्येक प्रवास कुठेतरी लिहून राहतो.

"राहू दे की, नाव काढून टाकलं म्हणजे झालं," असं आमचे एक मित्र म्हणतात. त्यांना मी न्यूयॉर्कची गोष्ट सांगतो. तिथल्या टॅक्सींच्या २०१३ सालातल्या सुमारे १७ कोटी फेऱ्यांची नोंद एकाने २०१४ मध्ये तिथल्या माहिती अधिकारात मिळवली आणि ती सगळ्यांना खुली झाली. कुठे बसले, कुठे उतरले, किती वाजता, भाडं किती. टॅक्सीचे आणि चालकांचे नंबर खात्याने 'एमडी५' पद्धतीने अगम्य करून दिले होते. या पद्धतीत अगम्य अक्षरांवरून मूळ नंबर काढता येत नाही म्हणतात. पण काढायला हवाच कशाला? नंबर ठराविक साच्यातले, सगळे मिळून अडीच कोटींच्या आत. विजय पांडुरंगन या अभियंत्याने शक्य तेवढ्या सगळ्या नंबरांचं एमडी५ करून जुळवून पाहिलं. काही तासांत खेळ खलास! कुठला चालक किती कमावतो तेही उघडं पडलं. बिचाऱ्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

प्रवाशांची नावं तर त्यात मुळातच नव्हती. तरी टॅक्सीत चढणाऱ्या नटनट्यांच्या फोटोंत गाडीचा नंबर दिसत होता. तेवढ्यावरून ते कुठे उतरले हे दुसऱ्या एका अभ्यासकाने शोधून दाखवलं.

मी काही नट नाही. पण परवा फोनमधल्या माझ्याच जुन्या फेऱ्या चाळत होतो. आईच्या आजारपणातले सव्वादोन महिने त्यात जसेच्या तसे आहेत. घर ते इस्पितळ, इस्पितळ ते घर, कधी रात्री अडीचला. मग एका पहाटे इस्पितळ ते स्मशानभूमी, आणि त्यानंतर त्या बाजूला एकही फेरी नाही. यातून माझं नाव खोडलं, तर नक्की काय लपणार आहे?

मित्राला हे अजून सांगितलेलं नाही.