दुबळी ओढ

परवां संध्याकाळीं मांडवीच्या पुळणीवर बसलों असतां माझ्या दहा वर्षांच्या नातवानें मला निरुत्तर केलें. "आजोबा, सगळ्यांत जोरदार ओढ कुणाची हो?" असें त्यानें विचारलें, आणि मीं प्राध्यापकी थाटांत "पृथ्वीची" म्हणून सांगून टाकलें. त्यानें खिशांतून लोहचुंबकाचा तुकडा काढून वाळूजवळ धरला. तेथल्या काळ्या वाळूंत लोहयुक्त खनिजांचे कण असतात; ते भराभर उडून चुंबकाला चिकटले. अवघी पृथ्वी एका बाजूला, बोटाएवढा चुंबक दुसऱ्या बाजूला. आणि जिंकला चुंबक!

घरीं येऊन भौतिकशास्त्राचें पुस्तक चाळलें. निसर्गांत मूलभूत बलें चार. अणुगर्भाला बांधून ठेवणारें सशक्त बल १ मानलें, तर विद्युच्चुंबकीय बल सुमारें त्याच्या १३७ व्या हिश्श्याएवढें, आणि कांहीं किरणोत्सर्गाला कारण होणारें क्षीण बल साधारण दहा लाखाव्या हिश्श्याएवढें. गुरुत्वाकर्षण तर हिशेबांतच येत नाहीं. दोन प्रोटॉन विजेच्या बलानें एकमेकांना दूर लोटतात, तें बल त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या किती पट? १ वर ३६ शून्यें मांडावींत, इतके पट!

मग भाट्याच्या खाडीला भरती कोण आणतें? सशक्त बलाचा पल्ला अणुगर्भाबाहेर पोंचत नाहीं; क्षीण बलाचा त्याहून तोकडा. विजेंत धन आणि ऋण असे दोन पक्ष; मोठ्या वस्तूंत ते एकमेकांना खोडून टाकतात. गुरुत्वाकर्षणाला मात्र विरुद्ध पक्ष नाहीं. कणाकणाची ओढ बेरजेंतच जमा होते, आणि तिच्या पल्ल्याला सीमा नाहीं. म्हणून इतक्या दुरून चंद्र समुद्राला हलवितो.

पुस्तक मिटलें तेव्हां दादांची आठवण झाली. हा नातू खरें म्हणजे त्यांचा, माझ्या वडील भावाचा. कलमांच्या बागेच्या वाटणीवरून आमचें बोलणें बंद झालें, त्याला ९ वर्षें झालीं. त्या वेळचे शब्द फार जोरदार होते, माझेहि. पण त्यांतला एकहि आज मला धड आठवत नाहीं. दिसतें तें एवढेंच, कीं दर सुट्टींत दादा नातवाला न चुकतां माझ्याकडे धाडतात; आणि मी, ‘दादा कसे आहेत?’ एवढेंहि न विचारतां त्याला परत पाठवितों.

उद्यां त्याला पोंचवायला मी स्वतःच जाणार आहें. दारांत उभें राहून काय बोलावें, तें अजून सुचलेलें नाहीं.