डावा पाय

बारा वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझा डावा घोटा मुरगळला. अस्थिबंध फाटला होता, सहा आठवडे प्लास्टर. ते निघाल्यावर वृक्षासन करून पाहिलं. उजव्या पायावर मिनिटभर सहज उभी राहिले, डाव्यावर चार सेकंद. तोवर सात वर्षं मी हे आसन लोकांना शिकवत होते.

अस्थिबंध भरून आला होता, दुखतही नव्हतं. मग अडत काय होतं? आपला तोल तीन ठिकाणच्या बातम्यांवर सांभाळला जातो. एक डोळे, दुसऱ्या कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका आणि तिसरे स्नायू, सांधे, तळवा यांतले संवेदक. घोटा मुरगळला की ही तिसरी बातमी नीट पोचत नाही. पाय जागेवर असतो, पण आपण कुठे आहोत हे त्याचं त्यालाच कळत नाही. मी मात्र समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याला नजर लावून वेळ मारून नेत होते. वर्गात कोणाच्या लक्षात आलं नाही. एका हिवाळ्यात पहाटे साडेपाचच्या वर्गाला मध्येच वीज गेली, तेव्हा बिंग फुटलं. अंधारात सगळीच झाडं डुगडुगली, पण पहिलं आडवं झालं ते बाईंचं.

त्या दिवसापासून मी वरच्या पायाकडे बघणं सोडलं.

या आसनात सगळ्यांचं लक्ष उचललेल्या पायावर असतं. तो किती वर गेला, गुडघा किती बाहेर वळला. काम मात्र खालचा पाय करतो. अंगठ्यामागचा उंचवटा, करंगळीमागचा उंचवटा आणि टाच, या तिन्हींवर भार वाटला गेला पाहिजे. नवखा माणूस बोटांनी सतरंजी ओरबाडतो. बोटं आवळली की घोट्याला बारीक हालचाल करायला वाव उरत नाही, आणि तोल टिकतो तो त्याच बारीक हालचालींवर. दुसरी खोड कमरेची. कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू कच्चा असला की कंबर एका अंगाला कलते आणि माणूस देवळातल्या त्रिभंगी मूर्तीसारखा दिसतो. दिसतं छान, पण ते वृक्षासन नव्हे. वरचा पाय मांडीपर्यंत जात नसेल तर पोटरीवर ठेवा, घोट्याशी ठेवा. गुडघ्यावर मात्र टेकवू नका. गुडघा पुढे-मागे वाकायला केलेला सांधा आहे, बाजूने रेटा सोसायला नव्हे.

हठयोगाच्या घेरंड संहितेत बत्तीस आसनं आहेत, त्यांत हे एक. उजवा पाय डाव्या मांडीच्या मुळाशी ठेवून जमिनीवर झाडासारखं उभं राहायचं, एवढंच तिथे सांगितलंय. हातांचा उल्लेखच नाही. आणि एकवीस जूनला योगदिनाचे फोटो काढताना आमची सगळी धडपड चालते ती हातांचीच! मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या प्रचंड शिल्पपटावर एका पायावर उभा असलेला तपस्वी आहे. हात डोक्यावर, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. त्याच दगडात खाली एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून, पुढचे पाय वर करून तसंच तप करतंय आणि पायाशी उंदीर जमलेत. ज्या शिल्पकाराने तपस्वी घडवला त्यालाच मांजरही सुचलं, याचं मला फार कौतुक वाटतं. वर्गात कोणी आरशात बघत उभं राहिलं की मला ते मांजर आठवतं. कधी कधी आरशात मीच असते.

पतंजलींनी आसन स्थिर आणि सुखाचं असावं म्हटलं, हे सगळ्यांना पाठ असतं. ते कशाने साधतं हे लगेच पुढच्या सूत्रात आहे : प्रयत्न सैल सोडल्याने आणि चित्त अनंताशी एकरूप झाल्याने. टीकाकार वाचस्पती मिश्रांनी इथे अनंत म्हणजे पृथ्वी फण्यांवर तोलून धरणारा शेष असा अर्थ घेतला. मला हा अर्थ आवडतो, कारण तो तळव्याला कळतो. एवढा भार डोक्यावर असून जो आवळून बसत नाही, त्याची आठवण ठेवून बोटं सैल सोडायची. मी एवढंच करते. ईश्वर भेटला असं म्हणणार नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात गॅस बंद केला का, कोणाचा फोन यायचाय, यातलं काही मनात शिरत नाही. शिरलं की पाय ताबडतोब सांगतो.

एवढ्यात वर्गातल्या एका आजोबांनी २०२२ चा एक अभ्यास वाचला. एक्कावन्न ते पंचाहत्तर वयाच्या सतराशे दोन जणांपैकी ज्यांना दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. आजोबा घाबरेघुबरे होऊन म्हणाले, "ताई, माझे नऊच होतात, आता?" मी म्हटलं, "आजोबा, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडते असं नाही. भिंतीजवळ या." आता ते भिंतीला एक बोट लावून उभे राहतात आणि तोल गेला की मोठ्याने जाहीर करतात, "ताई, झाड पडलं!"

आज सकाळी माझे डाव्या पायावर चाळीस सेकंद झाले. डोळे मिटल्यावर सहा.