उभ्या गाडीचं पडणं

भरधाव गाडी पडली तर लोक धावत येतात. उभ्या गाडीसकट माणूस पडला तर आधी हसतात, मग येतात. जड मोटरसायकल वापरणाऱ्या माणसाला हे दुसरं पडणंच जास्त वेळा पडावं लागतं. पेट्रोल पंपावर, बाजाराच्या गर्दीत, पांदणीच्या चिखलात, नाहीतर वळवून घेताना. वेग नसतो, म्हणून मरण नसतं. पण हाड मोडायला अन् लिव्हर तुटायला वेग लागतच नाही.

लहानपणी आम्ही सायकलचे जुने टायर काठीने हाकत गावभर पळायचो. पळतंय तोवर टायर सरळ. हळू झालं की लटपटायचं अन् आडवं व्हायचं. मोटरसायकलचं तेच आहे. चालत्या गाडीला चाकं सांभाळतात, थांबलेल्या गाडीला तुमचा पाय सांभाळतो. अन् तो पाय ज्या जमिनीवर टेकतो, ती जमीन तुमच्या हातात नसते.

माझी बुलेट 1994 सालची. मी ती 2001 मध्ये मलकापूरच्या एका शिक्षकाकडून जुनी घेतली. या गाडीचं आमच्याकडे कौतुक फार. 1955 साली मद्रासला तिचा कारखाना निघाला तो लष्कराच्या मागणीपायी. पुढे फौजदार, पुढारी, सावकार अशी ती उतरत उतरत आमच्यापर्यंत आली. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात अन् ब्रेक डाव्या पायात. पहिला गिअर वर, बाकीचे खाली. त्यामुळे माझी गाडी गावात कोणी मागून नेत नाही. एकदा एकाने नेली, अन् ब्रेक म्हणून गिअर दाबला, तो थेट कडब्याच्या गंजीत. वजन म्हणाल तर दीड क्विंटलच्या वर. कापसाच्या हिशेबात सांगितलं की आमच्या लोकांना लवकर समजतं.

आता तर याहून जड गाड्या आल्यात. 2016 साली हिमालयन निघाली, ती दोन क्विंटलच्या जवळपास. पुण्या-मुंबईची पोरं असल्या गाड्यांवर डबे बांधून लोणारचं सरोवर पाहायला येतात. अशीच चार जणं एकदा सिंदखेडराजाला चहाच्या टपरीवर थांबली होती. त्यांतला एक उतरता उतरता गाडीसकट आडवा झाला. अंगात चिलखतासारखं जाकीट होतं, त्याला खरचटलंसुद्धा नाही. पण चेहरा असा झाला की मला त्याला चहा पाजावा लागला. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेलाय, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. तेव्हा या पोरांना अन् आम्हाला तेच जुने रस्ते, तीच गिट्टी.

दोन वर्षांमागची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती, कापूस फुटला होता. वेचणी सुरू व्हायच्या आधी शेगावला जाऊन यायचं, हा आमच्या घरचा जुना नेम. घाटावरची माणसं आम्ही, शेगाव घाटाखाली. जाताना सगळं ठीक. दर्शन झालं, खामगावला बहिणीकडे जेवलो अन् दुपार कलल्यावर बोथ्याच्या रस्त्याने वर निघालो. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. अस्वलं, बिबटे, रोही सगळं आहे तिथं. 2019 च्या डिसेंबरात तर यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ 1,300 किलोमीटर चालून या जंगलात येऊन राहिला होता. गळ्यात पट्टा होता म्हणून कळलं. तेव्हापासून आमची मंडळी या रस्त्यावर आली की पदर घट्ट करून बसते.

चढाच्या एका वळणाच्या पुढे रोह्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मी थांबलो. चार रोही गेले, पाचवा मधेच उभा राहून आमच्याकडे पाहत राहिला. गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच दाबलेला, डावा पाय खाली. पायाखाली डांबर नव्हतं, डागडुजी करताना कोणीतरी सांडून ठेवलेली बारीक गिट्टी होती. ज्वारीच्या दाण्यावरून पाय सरकावा तसा पाय सरकला. गाडी एक वीतभर कलेपर्यंत माणूस धरू शकतो. त्यापुढे ती तुमची राहत नाही. मी धरायचा प्रयत्न केला तोवर ती डाव्या अंगावर गेली.

आमच्याकडे बायका दोन्ही पाय डावीकडे टाकून बसतात. म्हणजे गाडी डावीकडे पडली की त्या सरळ तोंडावर. साडीगार्ड अन् पुढचं लेगगार्ड यांनी पाय वाचवले, गाडी त्यांच्यावर टेकून राहिली. पण मंडळीने पडताना हात पुढं केले होते. ती उठून बसली, हात झटकले.

"लागलं का?" मी विचारलं.

"मले काही नाही झालं. तुमी गाडी उचला आधी, पेट्रोल चाललं वाया."

खरंच टाकीच्या झाकणातून पेट्रोल गळत होतं. मी चावी बंद केली, कॉक बंद केला. क्लच हातातून सुटला तेव्हाच इंजन झटका देऊन बंद पडलं होतं अन् गाडी गिअरमध्येच होती. हे बरं होतं. चढावर न्यूट्रलमधली गाडी उचलायला गेलं तर ती मागं घरंगळते अन् दुसऱ्यांदा पडते.

पडलेली गाडी उचलणं ताकदीचं काम नाही. समोरून हँडल धरून ओढणारे कमरेतून जातात, मी दोघं पाहिलेत. कापसाचं गाठोडं जसं पाठ लावून उचलतो तसंच हे. हँडल एका बाजूला पूर्ण वळवून घ्यायचं. गाडीकडे पाठ करायची, सीटला बूड टेकवून खाली बसायचं. एक हात हँडलच्या मुठीला, दुसरा मागच्या कॅरियरला. मग कमर ताठ ठेवून नुसत्या मांड्यांनी रेटायचं, पावलं पावलं मागं सरकत. बसलेला बैलही शिंगं ओढून उठत नाही, त्यालाही खालून आधार द्यावा लागतो.

एक मात्र ध्यानात ठेवायचं. उजवीकडे पडलेली गाडी असेल तर आधीच साइड स्टँड उघडून ठेवता येतं, उभी झाली की ती स्टँडवर बसते. डावीकडे पडली तर स्टँड खाली दबलेलं. उभी करण्याच्या जोरात ती पलीकडे जाऊन उजवीकडे पडते अन् दोन्ही बाजू फुटतात. म्हणून मी मंडळीला पलीकडे उभं केलं. गाडी सरळ झाली तशी तिने कमरेने अन् उजव्या हाताने तिला थोपवलं. मी पायाने स्टँड चाचपून उघडलं. डावा हात तिने पदराखाली घेतला होता. मला वाटलं पदर सावरते आहे.

मग नुकसान पाहिलं. क्लचचा लिव्हर मधून तुटलेला, दोन बोटांचं थोटूक शिल्लक. आरसा फुटला. डाव्या पायाचा ब्रेक आत वाकून इंजनाला टेकलेला. हँडल थोडं तिरपं. टाकीला नारळाएवढा पोचा. यात एक फरक कळला पाहिजे. ब्रेकचा पायंडल लोखंडी असतो, वाकला तर परत सरळ होतो. लिव्हर अॅल्युमिनियमचा. तो वाकला असता तरी मी सरळ करायच्या भानगडीत पडलो नसतो, कारण एकदा वाकलेलं अॅल्युमिनियम सरळ करताना तुटतं. म्हणून जाणते लोक लिव्हरचा क्लॅम्प फार आवळत नाहीत. पडला तर हँडलवर फिरतो, मोडत नाही. माझाही सैलच होता, पण खाली दगड आला त्याला काय करणार.

टूलबॉक्समधला मोठा पाना अडकवून ब्रेक बाहेर ओढला. दोनदा दाबून पाहिला, मागचं चाक धरत होतं. इंजनाच्या झाकणाला चीर नाही, ऑइल गळत नाही, हे बोटाने पुसून पाहिलं. पडलेल्या गाडीला लगेच किक मारायची नसते, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त झालेलं असतं. दहा मिनिटं थांबायचं, मग रेस पूर्ण उघडून, डीकंप्रेशनचा खटका दाबून चार किका रिकाम्या मारायच्या, मग खरी किक.

ती दहा मिनिटं आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो. तेव्हा मी तिचा हात पाहिला. अंगठ्याच्या मागं मनगट टम्म सुजलेलं अन् हात काट्या-चमच्यातल्या काट्यासारखा वाकडा दिसत होता.

"हे कायले नाही सांगितलं?"

"सांगून काय, तुमी गाडी सोडून मले उचललं असतं? चालत जायाचं होतं का बुलढाण्याले?"

मी दोन सरळ काड्या लावून दुपट्ट्याने हात बांधला अन् गळ्यात अडकवला. तेवढ्यात खामगावहून एसटी आली. हात दाखवल्याबरोबर ड्रायव्हरने थांबवली. कंडक्टरने तिला पुढच्या सीटवर बसवलं, तिकीटही आधी विचारलं नाही. मी थोटकाला दोन बोटं लावून क्लच ओढत, एकदा पहिला, एकदा दुसरा, एसटीच्या मागं मागं वर चढलो. ती पुढच्या सीटवरून उठून मागच्या सीटवर आली होती. घाट संपेपर्यंत मागच्या काचेत तिचं तोंड दिसत होतं.

फोटोत हाड मोडलेलं निघालं. डॉक्टरांनी ओढून बसवलं, सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घातलं. त्यांनी विचारलं, पडल्यावर या हाताने काही उचललं का? ती म्हणाली, "उचललं नाही, नुसतं धरलं."

गावात परत आलो. आता खरी गंमत. पारावर, दूध डेअरीवर, जो भेटेल तो विचारायचा, "बुलेटले काय झालं जी? टाकी गेली म्हणता?" पंधरा दिवस हेच. मिस्त्रीने लिव्हर दोनशेच्या आत बसवून दिला, ब्रेक गरम करून नीट केला, हँडलचे बोल्ट सैल करून पुढचं चाक गुडघ्यात धरून सरळ केलं. टाकीचा पोचा काढतो म्हणाला, पण मग रंग नवा द्यावा लागणार. बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेषा कारखान्यात माणसं हाताने, ब्रशने ओढतात. आमच्याकडचा पेंटर चिकटपट्टी लावून रेष मारतो, ती रेष मेलेली दिसते. मी म्हटलं, पोचा राहू द्या.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा मंडळी प्लॅस्टरचा हात घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "टाकीच्या रेषेचं एवढं चाललं. माह्या हाताची रेष वाकडी झाली ते कोणी इचारलं नाही." मिस्त्री खाली मान घालून पाने आवरू लागला. मीही काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

पुण्याहून पोराचा फोन आला. "बाबा, विकून टाका. तुमचं वय काय, तिचं वजन काय. स्कूटी घेऊन देतो." त्याचं म्हणणं चुकीचं नाही. चौसष्टाव्या वर्षी दीड क्विंटल उचलता आलं, सत्तराव्या वर्षी येईल याची हमी कोण देणार? अन् त्या दिवशी एसटी आली नसती तर? पण मी विकतो म्हटलं नाही अन् ठेवतो म्हटलं नाही. ज्याचं हाड मोडलं त्याने सांगायचं.

तिने सहा आठवडे काही सांगितलं नाही. वेचणीला बाया आल्या, तेव्हा दरवर्षी त्यांच्या पुढं ओळ धरणारी ही यंदा बांधावर काट्याजवळ बसली. उजव्या हाताने वहीत किलो लिहायची. तिचं अक्षर मी लग्नानंतर इतकं पहिल्यांदाच पाहिलं. बायांना ती वजनात अर्धा किलो वर देते, हेही मला तेव्हाच कळलं. दोन ओळी झाल्या की उठून डाव्या हाताची बोटं हलवून पाहायची, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं.

प्लॅस्टर कापायला बुलढाण्याला एसटीने गेलो. हात वाळक्या शेंगेसारखा बारीक झाला होता. परत आल्यावर तिने गाडीवरची ताडपत्री स्वतःच काढली अन् मागची सीट पाहत उभी राहिली.

"इथं धरायले काय आहे?" तिने विचारलं. "तुमच्या हातात हँडल हाये. मी काय धरू? बावीस वर्षं तुमची बंडी धरून बसते मी."

खरंच काही नव्हतं. सीटवर एक पट्टा असतो, तो कधीच तुटून गेला होता. मी मिस्त्रीला बोलावलं. त्याने साडीगार्डच्या वर, सीटच्या कडेला, जाड नळीची मूठ वेल्डिंग करून बसवली अन् रंग मारला. त्याचे पैसे पोराकडून घ्यायचे असं तिने ठरवलं. पोराने निमूट पाठवले.

रंग वाळल्यावर ती आली. मूठ उजव्या हाताने धरली, विहिरीवर पोहरा सोडायच्या आधी दोर ओढून पाहतात तसे दोन हिसके दिले. मग डाव्या हाताने धरली अन् हळू ओढली.

"मागचा बोल्ट ढिल्ला हाये," ती मिस्त्रीला म्हणाली. "आवळ अजून."